डाग छोटा, बिघाड मोठा

पक्षाघाताच्या रुग्णाचा हात आठवडाभरात हलू लागतो. स्कॅनवरचा डागही छोटाच असतो. तरी घरचे सांगतात, ‘डॉक्टर, बाबांच्या काही लक्षातच राहत नाही.’ हा आळस नव्हे आणि नाटकही नव्हे.

मेंदूचे भाग एकमेकांशी ताळमेळ राखून काम करतात. एका जागी रक्तपुरवठा तुटला, की दूरच्या धडधाकट भागांचा ताळमेळही बिघडतो. स्विस मेंदूतज्ज्ञ फॉन मोनाकोव यांनी १९१४ मध्येच हे मांडले होते. आता ते एमआरआयवर मोजता येते. अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात हातापायांची कमजोरी डागाच्या जागेवरून अधिक नेमकी कळली. स्मरणशक्तीचा बिघाड मात्र भागाभागांतला ताळमेळ किती विस्कटला, यावरून.

साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन हवे, हे आता अनेकांना माहीत आहे. पण डिस्चार्ज कार्डावर आम्ही बहुधा ‘फिजिओथेरपी’ एवढेच लिहितो. स्मरणशक्ती, एकाग्रता, बोलणे तपासायचे राहून जाते. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. म्हणून घरी नेण्यापूर्वी या तपासणीचा आग्रह धरा आणि विसरणाऱ्या रुग्णावर रागावू नका.