चाळिशीचा चष्मा आणि बाराव्या वर्षीचं पुस्तक

वाचलेलं पुस्तक पुन्हा कशाला वाचायचं, हा प्रश्न खरं तर आपल्याकडे पडायला नको. एकच ग्रंथ आयुष्यभर वाचत राहण्यासाठी आपल्या भाषेत ‘पारायण’ हा शब्दच आहे. गावात सप्ताह बसतो तेव्हा पुढे काय होणार या उत्सुकतेपोटी कोणी ज्ञानेश्वरी ऐकायला येत नाही. पण ही मुभा आपण गोष्टींच्या पुस्तकांना देत नाही. साठीतला माणूस ‘फास्टर फेणे’ घेऊन बसला की घरातले हसतात. हसू नये, असं माझं मत आहे, आणि ते डॉक्टर म्हणून मांडतो आहे.

उतारवयात माणसाला स्वतःच्या आयुष्यातलं सगळ्यात ठसठशीत काय आठवतं, तर साधारण दहा ते तीस या वयातलं. मानसशास्त्राच्या अभ्यासांत हे वारंवार दिसून आलं आहे. त्या वयात वाचलेलं पुस्तक उघडलं की त्याच्याबरोबर शाळा, मित्र, ते कोणाकडून मागून आणलं होतं, हे सगळं वर येतं. थिओड्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने 1881 मध्येच मांडलं होतं, की स्मृती ढासळू लागते तेव्हा ताजं आधी जातं, जुनं टिकून राहतं. विस्मरण सुरू झालेल्या आजोबांना नवी कादंबरी दिली, तर दहाव्या पानापर्यंत पहिल्या पानावरची माणसं हरवतात आणि ते चिडून पुस्तक बाजूला ठेवतात. ओळखीच्या गोष्टीत निदान सुरुवातीच्या काळात तरी असं कमी होतं. त्यांना वाचता येत नसेल तर नातवाने मोठ्याने वाचून दाखवावं. आजार बरा होणार नाही, पण दुपार बरी जाते आणि त्यांचं सगळं करणाऱ्या सुनेला तासभर उसंत मिळते.

पुस्तकं वाचणारे जास्त जगतात, असंही मोबाइलवर फिरत असतं. त्यामागे येल विद्यापीठाचा 2016 चा अभ्यास आहे. पन्नाशीपुढच्या 3,635 अमेरिकनांत पुस्तकं वाचणारे न वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे 23 महिने जास्त जगले. पण पुस्तक वाचणारा माणूस बहुधा शिकलेला आणि बऱ्या परिस्थितीतला असतो. संशोधकांनी असे फरक हिशेबात घेतले, तरी सगळे घेता येत नाहीत. तेव्हा रक्तदाबाची गोळी चालूच ठेवा.

मला स्वतःला पुन्हा वाचण्याचा खरा आनंद दिला तो ‘श्यामची आई’ने. साने गुरुजी तसे आपल्याच भागातले. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात ते शिक्षक होते, आणि सोनगीरहून वीसेक किलोमीटरवरच्या धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांची गीता प्रवचने त्यांनीच उतरवून घेतली. ‘श्यामची आई’ त्यांनी पुढच्या वर्षी, 9 ते 13 फेब्रुवारी 1933 या दिवसांत, नाशिकच्या तुरुंगात लिहिली. बाराव्या वर्षी वाचली तेव्हा मी श्याम होतो, रडलो तो त्याच्यासाठी. पन्नाशी ओलांडल्यावर वाचली तेव्हा श्यामकडे फारसं लक्षच गेलं नाही. दिसला तो कर्जाने खचलेला बाप, जो लहानपणी मला जवळजवळ दिसलाच नव्हता. आणि दिसली ताप अंगावर काढत घर ओढणारी एक बाई. अशा बायका आमच्या ओपीडीत रोज येतात. हिमोग्लोबिन सात, आणि तक्रार काय, तर ‘थोडी कणकण आहे’. पुस्तकातलं अक्षरही बदललेलं नव्हतं. मधल्या चाळीस वर्षांत मी काय काय पाहिलं, त्याची मोजदाद मात्र झाली.

सगळीच जुनी पुस्तकं अशी टिकत नाहीत. कॉलेजात डोक्यावर घेतलेल्या एका लेखकाची आता वीस पानं वाचवत नाहीत. नाव सांगत नाही.

आता मुद्द्याचं. अनेकांचं वाचन सुटतं ते आवड गेली म्हणून नव्हे. चाळिशीनंतर डोळ्यातल्या भिंगाची लवचिकता कमी होते, जवळची अक्षरं फुटतात. आमच्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांवर बारीक काम करणारा कारागीर लगेच चष्मा मागतो, कारण त्याची मजुरी अडते. वाचणाऱ्याचं काहीच अडत नाही, म्हणून तो येत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तर हे हमखास होतं. बसवलेलं भिंग बहुतेक वेळा लांबचं दिसण्यासाठी असतं. रस्ता लख्ख दिसतो, म्हणून ऑपरेशन झालं की चष्मा संपला असं माणूस समजतो, आणि पुस्तक धूसर दिसलं की वयावर ढकलतो. जवळच्या नंबरचा साधा चष्मा एवढंच त्याला हवं असतं. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांकडून तपासून घ्या. येताना जे पुस्तक पुन्हा वाचायचं आहे तेच बरोबर आणा आणि घरी धरता तेवढ्याच अंतरावर धरून दाखवा, म्हणजे नंबर नेमका निघतो.