विश्लेषण : पारा ४३ अंशांवर, घरचा सर्व्हर थंड कसा ठेवायचा, वीजबिल कसे कमी करायचे?

गुगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण बंद केली आणि १५ जीबीची मर्यादा लागू झाली. तेव्हापासून अनेक घरांत एक नवा पाहुणा आला आहे. कपाटावर पडलेला जुना डेस्कटॉप खाली उतरतो, त्यात दोन-तीन हार्ड डिस्क बसतात, ‘इमिच’ किंवा ‘जेलीफिन’सारखे मोफत सॉफ्टवेअर टाकले जाते आणि घरातील सगळ्यांचे फोटो, लग्नाचे व्हिडीओ, दुकानाच्या हिशेबाचा बॅकअप आपल्याच घरात राहू लागतो. कल्पना उत्तम आहे. अडचण एवढीच की हा पाहुणा २४ तास जागा असतो आणि सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, कधी ४४ ही गाठतो.

वीज किती खातो?

जुना डेस्कटॉप काहीही काम न करता नुसता चालू असला तरी साधारण ६० वॅट घेतो. ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याहून जास्त. ६० वॅट म्हणजे एखाद्या पंख्याइतके, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण पंखा आपण बंद करतो, सर्व्हर करत नाही. महिन्याला हे सुमारे ४४ युनिट होतात, वर्षाला ५२५.

खरा फटका टप्प्यांचा आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटला एक दर आणि १०१ ते ३०० या टप्प्याला त्याच्या जवळपास दुप्पट दर आहे. महिन्याला ९० युनिट वापरणाऱ्या घरात सर्व्हर आला की त्याचे दहा युनिट स्वस्तात जातात, उरलेले ३४ महाग टप्प्यात पडतात. म्हणजे सर्व्हरची वीज ही बिलातली सरासरी वीज नसते, ती शेवटची आणि सर्वात महाग वीज असते. वीज आकार आणि वहन आकार मिळून या टप्प्यात युनिटला १२ रुपये धरले, तर एक वॅट वर्षभर चालू ठेवण्याचा खर्च शंभर रुपयांच्या थोडा वर जातो. त्यावर १६ टक्के वीज शुल्क वेगळे. ‘एक वॅट, एक वर्ष, शंभर रुपये’ एवढे लक्षात ठेवले की पुढचे सगळे हिशेब तोंडी करता येतात.

मोजायचे कसे? प्लगमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर मिळतो. तो नसेल तर दारातला मीटर आहेच. त्यावर एका युनिटला किती पल्स, हे छापलेले असते. अनेक मीटरवर ते ३२०० असते. घरातील बाकी सगळे बंद करून फक्त सर्व्हर चालू ठेवायचा आणि दहा मिनिटांत लाल दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचे. ३२०० च्या मीटरवर दहा मिनिटांत ३२ वेळा लुकलुकला तर भार ६० वॅट. दुपारी हा प्रयोग करू नये, घरचे पंखा बंद करू देणार नाहीत.

वीज आणि उष्णता या दोन वेगळ्या तक्रारी आहेत का?

नाहीत. संगणकात गेलेली वीज जवळजवळ पूर्णपणे उष्णता होऊनच बाहेर येते. ६० वॅटचा सर्व्हर म्हणजे ६० वॅटचा हीटर. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. त्या हिशेबाने खोलीत अर्ध्याहून जास्त माणूस कायमचा राहायला आलेला असतो. खोलीत एसी असेल तर ही उष्णता बाहेर काढण्यासाठी आणखी १५-२० वॅट लागतात. म्हणून आधी वॅट कमी करावेत, पंखे नंतर. बहुतेक जण नेमके उलटे करतात. कॅबिनेटला आणखी दोन पंखे लावतात आणि तेच हवामान आत फिरवत राहतात. पंखा कोणतीही वस्तू खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही.

आणि खोलीचे तापमान हाच सोलापूरचा प्रश्न आहे. सर्व्हरसाठी आत जाणारी हवा १८ ते २७ अंश असावी, अशी ‘ॲशरे’ या वातानुकूलन क्षेत्रातील अमेरिकी संस्थेची शिफारस आहे. सर्वसाधारण सर्व्हरना ३५ अंशांपर्यंत मुभा दिली जाते. मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली किंवा वरच्या मजल्यावरील स्लॅबखाली दुपारी ही मर्यादा सहज ओलांडली जाते. प्रोसेसर स्वतःला वाचवतो. शंभरेक अंशांजवळ गेला की वेग कमी करतो. हार्ड डिस्कला ती सोय नाही. गुगलने २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात मध्यम तापमानाचा बिघाडाशी फारसा संबंध दिसला नाही; पण ४५ अंशांच्या वर आणि तीन वर्षांहून जुन्या डिस्कमध्ये तो दिसला. घरच्या सर्व्हरमध्ये नेमक्या जुन्याच डिस्क असतात. खोली ३८ अंश असेल आणि डिस्क त्याहून दहा-बारा अंश गरम राहत असेल, तर मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो ५० अंशांवर ठेवलेले आहेत.

मग करायचे काय?

जागेपासून सुरुवात करावी, कारण त्याला पैसे लागत नाहीत. सर्व्हर आवाज करतो म्हणून तो माळ्यावर किंवा काचेच्या शोकेसमध्ये ढकलला जातो. या दोन्ही जागा सर्वात वाईट. गरम हवा वर जमते आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो. पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, तळमजल्यावर, फरशीपासून वीतभर उंच आणि चारही बाजूंनी मोकळी जागा योग्य. जिल्ह्यात जुनी माळवदाची घरे अजून उभी आहेत. जाड मातीच्या छताखालची अंधारी खोली त्यासाठी सिमेंटच्या नव्या बंगल्यापेक्षा सरस ठरते.

पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्यांना आणखी एक काम आहे. सुताचे बारीक तंतू हवेतून येतात आणि हीटसिंकच्या पात्यांत नमदा जमावा तसे बसतात. दर दोन महिन्यांनी मशीन बंद करून ब्लोअरने ते काढले की काही अंश एका फटक्यात उतरतात. कूलरचे म्हणाल तर सोलापूरच्या कोरड्या हवेत तो खोली चांगली गार करतो. मात्र त्याचा झोत थेट सर्व्हरवर येऊ देऊ नये. बोअरच्या जड पाण्याचे तुषार सर्किटवर क्षार सोडतात.

त्यानंतर आतली कामे. ग्राफिक्स कार्डाची गरज नसेल तर ते काढून टाकावे. विंडोज असेल तर पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करावी. एक टक्क्याने काय होणार, असे वाटते. पण त्याने बहुतेक प्रोसेसरचा ‘टर्बो’ बंद होतो. वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावे लागते आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे शेवटचा थोडासा वेग सर्वात जास्त तापवतो. लिनक्सवर ‘पॉवरटॉप’ हे साधन कोणता भाग विनाकारण जागा आहे ते दाखवते. बायोसमध्ये ‘सी-स्टेट’ बंद असतील तर चालू करावेत, म्हणजे प्रोसेसरला रिकाम्या वेळी खऱ्या अर्थाने झोप लागते.

डिस्कचा हिशेब सोपा. साडेतीन इंची प्रत्येक डिस्क फिरत असताना सुमारे सहा वॅट घेते. चार जुन्या डिस्कऐवजी एक मोठी घेतली तर १८ वॅट, म्हणजे वर्षाला १८०० रुपये वाचतात आणि उष्णतेचे तीन स्रोत जातात. बॅकअपची प्रत मात्र वेगळ्या, एरवी बंद ठेवलेल्या डिस्कवर हवीच. डिस्क अर्ध्या-पाऊण तासाच्या शांततेनंतर थांबेल अशी मांडणी करता येते. पाच मिनिटांवर ठेवू नये. सारखे थांबणे-सुरू होणे तिला फिरत राहण्यापेक्षा जास्त झिजवते.

एसएमपीएस घेताना ‘मोठा तो चांगला’ हा दुकानदाराचा सल्ला इथे चुकतो. ६५० वॅटच्या एसएमपीएसवर ४० वॅटचा भार म्हणजे क्षमतेच्या सहा-सात टक्के. सर्वसाधारण ‘८० प्लस’ प्रमाणपत्राची चाचणी २० टक्के भारापासून सुरू होते. त्याखाली किती वीज वाया जाते, हे त्या खोक्यावर लिहिलेले नसते.

जड कामे कधी?

फोटोंतील चेहरे ओळखणे, व्हिडीओ रूपांतर, पूर्ण बॅकअप ही कामे सर्व्हरला घाम फोडतात. उन्हाळ्यात ती पहाटे तीन ते सहा या वेळेत लावावीत, तेव्हा सोलापूरची हवा दुपारपेक्षा १५ अंशांनी उतरलेली असते. इथे एक पेच आहे. टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील विजेवर सवलत मिळते आणि छतावर सौर पॅनेल असेल तर वीजही तेव्हाच तयार होते. पण रात्रीच्या कामाला लागणार अर्धा-पाऊण युनिट. त्यावरची सवलत म्हणजे काही पैसे. तेवढ्यासाठी मे महिन्याच्या दुपारी डिस्क तापवणे परवडत नाही. डिसेंबरात खुशाल दुपारी चालवावे.

नवीन मशीन घ्यावे का?

इंटेल एन-१०० सारख्या प्रोसेसरचा मिनी पीसी रिकाम्या वेळी दहा वॅटच्या आत राहतो. ६० वरून १० वर आले की वर्षाला सुमारे ४४० युनिट, म्हणजे पाच हजारांहून अधिक रुपये वाचतात. मशीन १५ हजारांचे धरले तर पैसे वसूल व्हायला जवळपास तीन वर्षे लागतात. म्हणून घरात स्क्रीन फुटलेला लॅपटॉप पडून असेल तर तो आधी वापरावा. तोही दहा-पंधरा वॅटमध्ये चालतो. फक्त बॅटरीच्या चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा घालावी. कायम पूर्ण चार्ज राहिलेली बॅटरी उकाड्यात फुगते, आणि फुगली असेल तर तिच्यासह मशीन चालवू नये.

वॅट कमी झाल्याचा आणखी एक फायदा वीज गेल्यावर कळतो. घरगुती यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. ६० वॅटचा सर्व्हर त्यावर अर्धा-पाऊण तास तग धरतो, दहा वॅटचा अडीच-तीन तास. हा आकडाही नव्या बॅटरीचा. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मे होते, त्यामुळे यूपीएस सर्व्हरच्या मागच्या गरम हवेत ठेवला असेल तर आज संध्याकाळीच तो बाजूला सरकवावा.