दोन कॅशियर, एक बंडल

संगणक मंद झाला, की सल्लागार चपळ होतात. ‘‘साहेब, अँटिव्हायरस बंद करा, फाईल कशी सुसाट जाते बघा!’’ या सल्ल्याला माझा जाहीर विरोध आहे. नोटा मोजायला वेळ लागतो म्हणून उद्या कॅशियरलाच घरी पाठवाल काय? मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा दरोडेखोर विंडोजच्या फाईल-वाटपातल्या भोकातूनच जगभर हिंडला. त्यानंतर पहारा उठवायचा म्हणजे कमालच!

खरं दुखणं वेगळं आहे. सर्व्हर फाईल तपासतो आणि ती उघडताना आपला संगणक तीच पुन्हा तपासतो. एकच बंडल दोन कॅशियर मोजू लागले, तर रांग लांबणारच! त्यात झिप फाईल म्हणजे गाठोडं; ते सोडून आतलं एकेक कापड झटकायचं. आणि हजार चिमुकल्या फाईली असल्या, तर प्रत्येकीला दारात वेगळं थांबवायचं.

तेव्हा आधी निदान करा. स्वतः बनवलेली एक फाईल घड्याळ लावून पाठवा. मग नेटवर्कवरच्या फाईलींची तपासणी पाच मिनिटं थांबवून तेवढीच दुसरी पाठवा. फरक पडला नाही, तर दोष केबलमध्ये वा डिस्कमध्ये शोधा. पहारेकऱ्याला शिव्या नकोत. पडला, तर सर्व्हरची मोजणी चालू ठेवून आपल्याकडची ही दुसरी मोजणी तेवढी आवरा. मात्र सर्व्हरवरचा गडी जागा आहे ना, ते आधी पाहा. त्यासाठी आयकारची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाईल मिळते.

पहारेकरी एकच असावा, पण जागा असावा. आमच्या शाखेच्या दाराशी दोन आहेत.