राख मुरू द्यावी

शहराचा कचरा मोठ्या भट्टीत जाळला, की त्याच्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा राख तळाशी उरते. ‘जळले ते संपले’ असे आपण सहज म्हणतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मात्र एक नवी हालचाल तेथूनच सुरू होते.

भट्टीच्या उष्णतेत तयार झालेली काच, कळीचा चुना, निर्जल कॅल्शियम सल्फेट ही द्रव्ये पाण्याच्या व हवेच्या सान्निध्यात फार काळ तशीच राहू शकत नाहीत. राख पाण्यात विझवली की चुना विरतो आणि सामू 12 च्या आसपास जातो. मग हवेतील कार्बन डायऑक्साइड आत शिरून कॅल्साइट बनते. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकून ती दुधाळ करण्याचा प्रयोग तुम्ही केला असेलच. राखेच्या ढिगात तोच महिनोन्महिने चालतो. जिप्सम बनते, एट्रिंगाइटचे सुईसारखे स्फटिक वाढतात, आणि सामू उतरला की हेच एट्रिंगाइट पुन्हा मोडते. काचेपासून तर चिकणमातीतल्यासारखी खनिजे बनतात. खडकांचे विदारण भूगोलात शिकवताना शिक्षकांनी हे उदाहरण अवश्य द्यावे.

ताज्या राखेतील तीव्र अल्कलीत शिसे विरघळते. सामू 8-9 पर्यंत आला की ते बरेचसे जखडले जाते. अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे त्याच अल्कलीत हायड्रोजन सोडतात. अशी राख तडक काँक्रीटमध्ये घातली तर ते फुगून तडकते. म्हणून जर्मनीत रस्त्याच्या भरावासाठी वापरण्यापूर्वी राख साधारण तीन महिने मुरत ठेवतात. जागा अडते, ही तक्रार मला पटत नाही. लोणचे मुरायला आपण थांबतोच ना!

पण मुरलेली राख म्हणजे शुद्ध राख, हेही मी मान्य करणार नाही. शिसे जखडले गेले तरी ते आहे तेथेच आहे. अँटिमनी तर उलट वागते: ताज्या राखेत कॅल्शियमने धरून ठेवलेली ही धातू सामू उतरल्यावर अधिक सुटते. तेव्हा राख मुरल्यावर प्रत्येक धातूची पाण्यात उतरण्याची चाचणी वेगळी व्हावी, आणि ढिगावरून वाहणारे पावसाचे खारट पाणी गोळा केले जावे.

धुराड्याच्या गाळण्यांवर जमणारी बारीक राख या हिशेबात धरू नये. तिच्यात क्षार आणि शिसे, कॅडमियम यांसारखे धातू कितीतरी अधिक असतात. ती तळाच्या राखेत मिसळून खपवणे मला सर्वस्वी गैर वाटते.