पहिलीतली भाषा आणि औषधाची बाटली



ह्या पानावर आम्ही नेहमी संत्र्याची गळ, कपाशीवरची कीड आणि लेकरांचा जुलाब ह्यांविषयी लिहितो. आज शाळेविषयी लिहिणार आहोत. पान चुकले असे कोणी समजू नये. विषय फवारणीपासूनच सुरू झाला.

गेल्या कपाशीच्या हंगामात आम्ही धर्मग्रामातल्या एका घरी गेलो. घरधनी दुपारपर्यंत फवारणी करून आला होता आणि डोके धरून ओसरीवर बसला होता. मळमळ, घाम, डोळ्यांना अंधारी. आम्ही औषधाची बाटली मागवली. त्याला वाचता येत नाही, म्हणून चौथीतल्या मुलीला हाक मारली. पोरगी हुशार. लेबलावरची हिंदी तिने न अडखळता वाचली. ‘निगलने पर’ हे शब्द आले तेव्हा आम्ही विचारले, “निगलना म्हणजे काय गं?” ती आजीकडे पाहू लागली. आजी म्हणाली, “तिले वाचता येते फादर, पन अर्थ नाही सांगता येत. शाळेत अर्थ कोनी इचारतच नाही.”

मग खोक्यातला घडीचा कागद उलगडला. त्यात मराठीचाही रकाना होता. अक्षरे तीच, देवनागरी. ‘गिळल्यास’ एवढे वाचताच पोरगी म्हणाली, “हा, म्हंजे पोटात गेलं तं!” आणि पुढचे सगळे तिने आपणहून बापाला समजावून सांगितले. बापाला दवाखान्यात नेले, बाटलीही सोबत नेली, आणि देवदयेने माणूस दोन दिवसांत घरी आला.

चार वर्षे शाळेत जाऊन तिने अक्षरे मिळवली होती. अर्थ मात्र घरच्या भाषेत होता, आणि शाळेने त्या भाषेला कधी आत घेतले नव्हते.

हे असे का झाले ते जाणायचे तर थोडे मागे जावे लागते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. त्यापूर्वी जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा, आणि त्यासोबत सौसर व पांढुर्णा, नव्या मध्य प्रदेशात राहिले. आपला माल नागपूरला जातो, सोयरीक काटोल-नरखेडला होते, पोळा आणि भुलाबाई आपण मराठीतच करतो. शाळा मात्र बहुतेक हिंदीच्या झाल्या. 2023 साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. कचेरी जवळ आली, पहिलीच्या वर्गातली भाषा होती तिथेच आहे.

गंमत अशी की ज्या दिवशी पुनर्रचना झाली त्याच दिवसापासून राज्यघटनेत 350-क हे कलमही लागू झाले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे म्हणून प्रत्येक राज्याने पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा, असे ते सांगते. त्याआधी 1949 मध्येच प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठरवले होते की एखाद्या वर्गात अशी 10 मुले किंवा सगळ्या शाळेत 40 मुले असतील तर त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यावा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तोवर मातृभाषेतून शिकवावे असे आहे, आणि 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात निदान पाचवीपर्यंत तसे करावे असे म्हटले आहे. म्हणजे कागदाची उणीव नाही. उणीव आहे ती मागणाऱ्यांची.

2025 मध्ये सीमेपलीकडे महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी नको म्हणून केवढा गदारोळ उठला! शेवटी 29 जून रोजी सरकारने दोन्ही आदेश मागे घेतले. तिथे तिसरी भाषा म्हणून हिंदी नको होती. इथे मराठी लेकराला पहिल्या दिवसापासून सगळेच हिंदीत शिकावे लागते, त्यावर ग्रामसभेत कधी अवाक्षर निघाल्याचे आम्ही ऐकले नाही. आमचे हिंदीशी वैर नाही. ह्या राज्यात राहायचे तर हिंदी आलीच पाहिजे, आणि पाचवी-सहावीपर्यंत ती मुलांना बाजारात खेळताखेळताही येते. प्रश्न पहिल्या तीन वर्षांचा आहे. तेव्हा बसलेली भीती पुढे मोडत नाही. आणि आपल्याच शिवारातल्या गोंड घरच्या लेकराचे काय होत असेल? त्याच्या घरी गोंडी, गल्लीत मराठी, वर्गात हिंदी.

मागणारे गप्प का, हेही आम्हांस ठाऊक आहे. ख्रिस्ती माणूस शाळेविषयी बोलला की लोक वळून पाहतात. 1954 साली नेमलेल्या नियोगी समितीने 1956 च्या अहवालात मिशनच्या शाळा व दवाखान्यांवर धर्मांतराचा ठपका ठेवला. 1968 मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा आला, 2021 मध्ये त्याच्या जागी अधिक कडक कायदा आला. तेव्हा ‘आपण बरे, आपले वावर बरे’ असे म्हणण्याची सवय लागली. ती सवय आम्ही समजू शकतो, पण इथे ती चुकीची आहे. लेकराला त्याच्या आईच्या भाषेत शिकवा, ही मागणी कोणत्या धर्माची? ती शेजारच्या कुणब्याचीही आहे आणि गोंडाचीही. त्यांच्यासोबत जाऊन मागावी.

आता आमच्याच घरातले सांगतो. आपल्या चर्चच्या पुष्कळ शाळा इंग्रजी माध्यमाच्या आहेत, आणि चार पैसे हाती आले की आपलेच लोक सरकारी शाळा सोडून तिकडे किंवा गल्लीतल्या ‘कॉन्व्हेंट’ पाटीकडे धावतात. मागे राहतात ते मजुराचे पोर आणि एकटे मास्तर. शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दिला. त्यामुळे गरिबांसाठी 25 टक्के जागा राखण्याचे बंधन आपल्या शाळांवर नाही. कायद्याने सूट दिली. प्रभूने “ह्या लहानांतील एकासाठी” म्हणून जे सांगितले त्यातून सूट दिलेली आमच्या वाचनात नाही. हे आम्ही आमच्या धर्मगुरू बंधूंपुढेही बोललो आहोत. सगळ्यांना रुचले नाही.

आणि भाषेच्या बाबतीत चर्चने स्वतः काय केले? थॉमस स्टीफन्स हा इंग्रज येशूसंघी गोव्यात आला, लोकांची भाषा शिकला, आणि त्याने ख्रिस्तपुराण मराठीत रचले. ते 1616 साली छापले गेले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये उपासनेला लोकभाषेची वाट मोकळी केली. आमच्या लहानपणी घरातली म्हातारी माणसे लॅटिन मिस्सेच्या आठवणी सांगत: उत्तरे तोंडपाठ, अर्थ देव जाणे. त्या चौथीतल्या पोरीचे वाचन ऐकताना आम्हांस तेच आठवले.

करायचे काय? सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्याप्रमाणे तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य बाया असाव्या लागतात. आपल्या धर्मग्रामातून तिथे कोण बसते? पुष्कळ ठिकाणी सही घरी पाठवली जाते, आणि वेचणीच्या दिवसांत तर सभेला कोणी फिरकतच नाही. वेचणीला पोरेही शेतात असतात, तो हिशेब आम्ही दुसऱ्या एखाद्या अंकात मांडू. तूर्त एवढे करावे: ज्या घरी मराठी बोलतात अशा मुलांची वर्गवार नावे लिहून काढावीत. वर्गात 10 किंवा शाळेत 40 भरली की समितीत ठराव घ्यावा आणि एक प्रत जिल्हा शिक्षण अधिकाऱ्यांकडे द्यावी, पोच घेऊन.

फवारणीचेही सांगतो, कारण 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले ते आपण विसरू नये. बाटलीवरचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये, रिकामी बाटली घरात वापरू नये, आणि माणसाला त्रास झाला तर दवाखान्यात जाताना बाटली लेबलासह न्यावी, म्हणजे डॉक्टरांना उपाय लवकर ठरवता येतो.

येत्या रविवारी मिस्सेनंतर पहिली ते तिसरीतल्या मुलांच्या आईबापांनी थोडे थांबावे. नावांची यादी तिथेच सुरू करू. घरी औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद असेल तर तो आणावा. बाटली आणू नये, लेबलही काढू नये. कागद मुलांकडून वाचून घेऊ, आधी हिंदीचा रकाना, मग मराठीचा.