मैदान लोकांचे, संघ मालकांचा

व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या सामाजिक आणि आर्थिक प्रभावाविषयी अमेरिकेत दीर्घकाळ चाललेल्या वादात दोन पक्ष एकमेकांसमोर उभे आहेत. संघांचे मालक आणि त्यांच्या बाजूचे लोकप्रतिनिधी म्हणतात की हा खेळ शहरांना समृद्ध करतो, म्हणून त्यासाठी लागणारी स्टेडियमे करदात्यांच्या पैशाने बांधणे ही गुंतवणूकच होय. तर या मताचे टीकाकार, ज्यांत अर्थतज्ज्ञांचा भरणा मोठा आहे, असे म्हणतात की हा निव्वळ खासगी करमणुकीचा धंदा असून त्याच्याशी सार्वजनिक तिजोरीचा काडीचाही संबंध असू नये. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की पहिल्या पक्षाचा हिशेब खोटा आहे आणि दुसऱ्या पक्षाचा निष्कर्ष अपुरा आहे. या खेळाचे मोल लोकांनी निर्माण केलेले आहे, तेव्हा त्यासाठी लोकांचा पैसा लागणारच असेल, तर त्याबरोबर लोकांची मालकीही आली पाहिजे.

अंडाकृती चेंडू हाती धरून, प्रतिस्पर्ध्यांना अंगाच्या बळावर रेटत, शंभर यार्डांचे मैदान थोडेथोडे जिंकत जाण्याचा हा खेळ जगात इतरत्र फुटबॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाहून अगदी वेगळा आहे. त्याचे व्यावसायिक सामने भरवणारी संघटना, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग, 1920 मध्ये ओहायो राज्यातील कँटन गावी स्थापन झाली आणि आज तिच्यात 32 संघ आहेत. 2021 मध्ये तिने दूरचित्रवाणी व इंटरनेट कंपन्यांशी प्रक्षेपणहक्कांचे जे करार केले, त्यांची एकत्रित किंमत अकरा वर्षांसाठी सुमारे 11,000 कोटी डॉलर सांगितली जाते. इतक्या संपन्न संघटनेला स्टेडियमसाठी लोकांपुढे हात पसरण्याची गरज का पडावी, हा प्रश्न कोणाही सामान्य माणसाला सुचेल, परंतु व्यवहारात तो क्वचितच निर्णायक ठरतो. लास वेगासच्या स्टेडियमसाठी 2016 मध्ये नेवाडा राज्याने हॉटेलांवरील करातून 75 कोटी डॉलर मंजूर केले. 2022 मध्ये न्यूयॉर्क राज्य आणि ईरी परगणा यांनी मिळून बफेलोच्या नव्या स्टेडियमला 85 कोटी डॉलर दिले. आणि पुढच्याच वर्षी नॅशव्हिल शहरात सार्वजनिक वाटा 126 कोटी डॉलरवर गेला.

या खर्चाच्या समर्थनार्थ पूर्वपक्ष सांगतो की स्टेडियममुळे रोजगार निर्माण होतो, बाहेरगावचे प्रेक्षक येऊन पैसा खर्च करतात, आसपासचा भाग वसतो आणि वाढलेल्या करातून मूळ खर्च भरून निघतो. वरकरणी हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण त्यात एक मूलभूत चूक आहे. अर्थशास्त्रात जिला प्रतिस्थापन म्हणतात, म्हणजे एका ठिकाणचा खर्च दुसऱ्या ठिकाणी केवळ सरकणे, ती प्रक्रिया येथे विचारातच घेतली जात नाही. शहरातील कुटुंबाचा करमणुकीवरचा खर्च ठरलेला असतो. ते कुटुंब सामन्याला गेले नसते, तर त्याने तेच पैसे त्याच शहरातील खाणावळीत, नाट्यगृहात किंवा सिनेमागृहात खर्च केले असते. त्यामुळे स्टेडियममध्ये दिसणारी उलाढाल ही बव्हंशी इतर स्थानिक व्यवसायांकडून काढून घेतलेली उलाढाल असते, आणि ती संघाकडे गेली की तिचा मोठा भाग खेळाडूंच्या व मालकांच्या हाती जातो, जे अनेकदा त्या शहरात राहतही नाहीत. शिवाय या खेळाच्या नियमित हंगामात प्रत्येक संघाचे घरच्या मैदानावरचे सामने फक्त आठ किंवा नऊ असतात, म्हणून त्यांतून मिळणारी कामे तिकीटतपासनीस, विक्रेते, वाहनतळावरचे राखणदार अशी तात्पुरती आणि अर्धवेळ स्वरूपाची असतात. रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिंबलिस्ट यांनी 1997 मध्ये संपादित केलेल्या ग्रंथापासून आजपर्यंत या विषयावर जे संशोधन झाले, त्याचा कल पूर्वपक्षाच्या विरोधात जवळजवळ एकमुखी आहे, आणि आर्थिक प्रश्नांवर एवढी एकवाक्यता सहसा आढळत नाही.

हॉटेलांवरील कर बाहेरचे लोक भरतात, म्हणून तो शहराला फुकटच पडतो, असा याच पक्षाचा एक पोटयुक्तिवाद आहे. परंतु बाहेरच्यांनी भरलेला कर हेही शहराचेच उत्पन्न असते आणि ते शाळांना किंवा रस्त्यांना देता आले असते, एवढे उत्तर त्याला पुरेसे आहे.

सेंट लुईस शहराचा अनुभव मात्र तपशिलाने पाहण्याजोगा आहे. कार्डिनल्स हा संघ 1988 मध्ये ॲरिझोनाला निघून गेल्यावर मिसूरी राज्य, परगणा आणि शहर या तिघांनी कर्जरोखे काढून, म्हणजे भविष्यातील कर तारण ठेवून लोकांकडून कर्ज उभारून, एक बंदिस्त घुमटाकार स्टेडियम बांधले, तेव्हा त्यात खेळायला संघ अजून ठरलेलाही नव्हता. 1995 मध्ये लॉस एंजेलिसचा रॅम्स संघ तेथे आला, पण येताना त्याने भाडेकरारात असे कलम घालून घेतले की हे स्टेडियम ठरावीक मुदतींना लीगमधील सर्वोत्तम पाव हिश्शात मोडले पाहिजे, अन्यथा संघ दीर्घ मुदतीच्या कराराने बांधलेला राहणार नाही. इतर 31 संघांपैकी कोणीही नवे स्टेडियम बांधले की सेंट लुईसचे स्टेडियम आपोआप खालच्या पायरीवर ढकलले जाणार होते, त्यामुळे हे कलम पाळणे शहराच्या हाती कधीच नव्हते. 2016 च्या जानेवारीत लीगने रॅम्सला लॉस एंजेलिसला परतण्याची परवानगी दिली आणि संघ गेल्यावरही राज्य, परगणा व शहर मिळून वर्षाला सुमारे 2.4 कोटी डॉलर रिकाम्या घुमटाच्या कर्जापोटी भरत राहिले. पुढे 2021 मध्ये खटल्याच्या तडजोडीतून लीग व मालकाकडून 79 कोटी डॉलर मिळाले, तरी त्यातला एक तृतीयांशाहून अधिक भाग वकिलांच्या मेहनतान्यात गेला. गुंतवणूक म्हणावी असे या व्यवहारात काय होते, हे पूर्वपक्षाने सांगितले पाहिजे.

गुंतवणुकीचा युक्तिवाद निकामी ठरला की मालकपक्ष खासगी उद्योगाच्या स्वातंत्र्याचा आधार घेतो: संघ ही आमची मालमत्ता, ती कोठे न्यावी हे आम्ही ठरवू. या मालमत्तेचे मोल कोठून आले, हे पाहिले तर तो आधारही टिकत नाही. 1961 मध्ये एका संघीय न्यायाधीशाने लीगचा सामूहिक प्रक्षेपणकरार मक्तेदारीविरोधी कायद्याचा, म्हणजे स्पर्धा मारण्यासाठी संगनमत करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याचा, भंग करणारा ठरवला होता. तेव्हा लीगचे प्रमुख पीट रोझेल यांनी काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडून, खास सूट मिळवली आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्या कायद्यावर सही केली. सर्व संघांनी हक्क एकत्र विकायचे आणि उत्पन्न समान वाटून घ्यायचे, ही लीगच्या वैभवाची गुरुकिल्ली या सवलतीतून आली. 1966 मध्ये प्रतिस्पर्धी लीगशी विलीनीकरण करण्यासाठी पुन्हा अशीच सूट लागली. ती मंजूर झाली आणि काही दिवसांतच, ज्याचे नेते त्या मंजुरीसाठी झटले होते, त्या लुईझियाना राज्यातील न्यू ऑर्लीन्स शहराला नवा संघ मिळाला. वॉशिंग्टनचा संघ 1999 मध्ये 80 कोटी डॉलरला विकत घेतला गेला आणि 2023 मध्ये 605 कोटी डॉलरला विकला गेला. त्या 24 वर्षांत या संघाला एकदाही अजिंक्यपद मिळाले नाही, म्हणजे ही वाढ मैदानावरच्या कर्तबगारीची नसून कायद्याने राखलेल्या मक्तेदारीची आहे.

येथवर टीकाकार पक्ष आणि प्रस्तुत लेख यांचे एकमत आहे. पण यापुढे वाट वेगळी होते. स्टेडियम शहराला पैसा मिळवून देत नाही, म्हणून हा खेळ केवळ खासगी उपभोगाची वस्तू ठरतो, हे अनुमान सदोष आहे. वाचनालय किंवा उद्यानही नफा मिळवून देत नाही, तरीही त्याचे सार्वजनिकत्व कोणी नाकारत नाही. 2023 मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या 100 कार्यक्रमांपैकी 93 या लीगचे सामने होते. वर्ण, पक्ष आणि उत्पन्न यांनी विभागलेल्या त्या देशात एवढा मोठा समाज एकाच वेळी एकाच गोष्टीकडे पाहतो, असा दुसरा प्रसंग उरलेला नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे लोकांची मालकी असली की या खेळाकडून न्याय मागता येतो, हे इतिहासाने दाखवून दिले आहे, आणि दोन्ही पक्ष नेमके हेच विसरतात. 1934 ते 1945 या काळात लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. 1946 मध्ये रॅम्स संघ क्लीव्हलंडहून लॉस एंजेलिसला आला आणि त्याने तेथील कोलिझियम हे सार्वजनिक मैदान मागितले. तेव्हा कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी, विशेषतः पत्रकार हॅली हार्डिंग यांनी, कोलिझियमच्या मंडळापुढे असा मुद्दा मांडला की सर्व वर्णांच्या करदात्यांनी बांधलेले मैदान वर्णभेद पाळणाऱ्या संघाला देता येणार नाही. त्याच वर्षी रॅम्सने केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड या कृष्णवर्णीय खेळाडूंना करारबद्ध केले. राजधानीच्या संघाचे मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांनी त्यानंतरही पंधरा वर्षे कृष्णवर्णीयांना दार बंद ठेवले. परंतु त्यांचे नवे स्टेडियम संघराज्याच्या जमिनीवर उभे राहत होते, आणि 1961 मध्ये अंतर्गत व्यवहारमंत्री स्ट्युअर्ट युडॉल यांनी भेदभाव चालू राहिल्यास ते वापरू दिले जाणार नाही, असे बजावले. 1962 च्या हंगामात बॉबी मिचेल हे कृष्णवर्णीय खेळाडू या संघाकडून खेळले. या दोन्ही ठिकाणी जमीन लोकांची होती आणि तिचा हक्क बजावण्याची इच्छा असलेले लोक होते, म्हणून मालकांना नमावे लागले. मैदानाच्या मालकीचा प्रश्न नसलेल्या मेंदूच्या दुखापतींच्या बाबतीतही सार्वजनिक दबावाचे हेच बळ दिसते. पिट्सबर्गमध्ये डॉ. बेनेट ओमालू यांनी माइक वेब्स्टर या दिवंगत खेळाडूच्या मेंदूतील विकाराचे निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा लीगने ते झिडकारले. 2009 मध्ये काँग्रेसच्या समितीने लीगच्या प्रमुखांना जाहीर जाब विचारल्यावर मात्र नियम बदलू लागले.

मालकीच्या या तत्त्वाचे पूर्ण रूप विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे येथे पाहायला मिळते. सुमारे 1 लाख 7 हजार वस्तीच्या या शहरातील पॅकर्स हा संघ 1923 पासून नफा न वाटणारी लोकांची कंपनी आहे; तिचे पाच लाखांहून अधिक भागधारक असून त्यांना लाभांश मिळत नाही, भाग नफ्याने विकता येत नाहीत आणि कोणा एका व्यक्तीला मोठा हिस्सा बळकावता येत नाही. लोकांची मालकी अकार्यक्षम असते, या आक्षेपाला लीगमधील सर्वाधिक, म्हणजे 13 अजिंक्यपदे हे उत्तर आहे. इतर संघ आपले हिशेब झाकून ठेवतात, पण पॅकर्सना ते भागधारकांपुढे ठेवावे लागतात, आणि म्हणूनच 2024-25 या आर्थिक वर्षात लीगने प्रत्येक संघाला राष्ट्रीय उत्पन्नातून सुमारे 43 कोटी डॉलर वाटले, हे जगाला कळले. ग्रीन बेच्या परगण्यानेही 2000 साली सार्वमताने अर्धा टक्का विक्रीकर लावून लँबो फील्ड या आपल्या मैदानाचे नूतनीकरण केले, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. परंतु मैदान शहराचे, संघ लोकांचा आणि तो उठून जाण्याची भीती नाही, अशा स्थितीत लोकांनी स्वतःच्या वस्तूवर स्वतःहून केलेला हा खर्च होता. काम भागल्यावर 2015 मध्ये तो कर बंद झाला. त्या नूतनीकरणानंतरच्या विस्तारासाठी 2011 च्या अखेरीस 250 डॉलरला एक याप्रमाणे नवे भाग विकले गेले आणि चाहत्यांनी ते स्वेच्छेने घेतले.

असे दुसरे ग्रीन बे उभे राहू नये, अशी व्यवस्था लीगने स्वतःच्या नियमांत करून ठेवली आहे. प्रत्येक संघात एका प्रमुख मालकाचा ठरावीक हिस्सा असलाच पाहिजे, असा तिचा दंडक आहे आणि पॅकर्सना केवळ जुना संघ म्हणून त्यातून सूट आहे. खासगी संघटनेचा हा नियम सार्वजनिक पैशाच्या वाटेत आडवा येत असेल, तर तो कायद्याने मोडला पाहिजे, आणि 1961 ची सवलत ज्या काँग्रेसने दिली, तिला तिच्या अटी ठरवण्याचाही अधिकार आहे. राज्यांनाही हे अशक्य नाही. क्लीव्हलंडचा ब्राउन्स संघ बाल्टिमोरला हलवला गेल्यावर ओहायोने 1996 मध्ये असा कायदा केला की करांच्या आधारावर चालणारे मैदान वापरणाऱ्या संघाला शहर सोडायचे असेल, तर त्याने सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी आणि त्या काळात शहराला किंवा स्थानिक रहिवाशांना संघ विकत घेण्याची संधी द्यावी. 2018 मध्ये कोलंबस शहराच्या सॉकर संघाबाबत या कायद्याखाली खटला भरला गेला, स्थानिक खरेदीदार पुढे आले आणि संघ तेथेच राहिला. त्याच ओहायोच्या विधिमंडळाने 2025 च्या अर्थसंकल्पात ब्राउन्सच्या उपनगरातील नव्या स्टेडियमसाठी नागरिकांच्या बेवारस पडलेल्या ठेवींच्या निधीतून 60 कोटी डॉलर मंजूर केले, आणि त्याच वेळी 1996 च्या कायद्याची व्याप्ती राज्याबाहेर जाणाऱ्या संघांपुरती आकसून घेतली. हवी असलेली दुरुस्ती याच्या नेमकी उलट होती: खरेदीची संधी संघ निघून जाताना नव्हे, तर पहिला सार्वजनिक डॉलर देतानाच मिळावी, आणि जेवढा पैसा लोकांचा, तेवढा संघाच्या मालकीतला वाटा लोकांच्या नावे लिहिला जावा.