शिडी, कंदील आणि त्रिकोण

गेल्या दिवाळीत नाशिकच्या पंचवटीतल्या आमच्या घरी आकाशकंदील लावायला चढलो, अन् शिडीसकट खाली आलो! यंदा नववीतल्या नातीने बजावले, "आजोबा, आधी गणित!"

शिडी १३ फुटांची, पाय भिंतीपासून ५ फुटांवर. म्हणजे टोक १२ फुटांवर, जमिनीशी कोन ६७ अंश. हवा सुमारे ७५! तेव्हा पाय सव्वातीन फुटांवरच ठेवले.

मग मीही तिला भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’तले गणित घातले : ३२ हात वेळू वाऱ्याने मोडला, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला, मोडला किती उंचीवर? पोरीने लगेच सांगितले, १२ हात!

कंदील लागला, कंबरही शाबूत. वाचकहो, तुम्हीही चढण्याआधी पोरांना विचारा!